नीलपंख चौकटीत किती मोठा दिसेल?

"कॅमेरा घ्यायचा आहे. जंगलाचे, पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. किती मेगापिक्सलचा घेऊ?"

वर्ध्यात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. विचारणारे कधी शाळेतले सर असतात, कधी बँकेत नोकरी करणाऱ्या ताई. कुणाला बोरला वाघ दिसलेला असतो, पण फोटोत नुसता पिवळा ठिपका आलेला असतो. त्याची हळहळ अजून गेलेली नसते. खर्चाची तयारी साधारण पन्नास हजार ते दीड लाखाची असते. या प्रकरणात 'मध्यम किमतीचा कॅमेरा' म्हटले की एवढीच रक्कम धरायची, आणि तीही भिंगासकट.

मेगापिक्सलच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. उलट तीन गोष्टी विचारतो. कशाचा फोटो? किती अंतरावरून? दिवसाच्या कोणत्या वेळी? यांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड तिथेच होते. उरलेल्या निम्म्या निवडीसाठी थोडे गणित लागते, पण ते सहावीतल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

१. आधी जिल्हा, मग दुकान

आपण फोटो कुठे काढणार आहोत, ते एकदा डोळ्यांसमोर आणू.

पहिली जागा अर्थातच बोर. सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे बोर धरणाभोवती पसरलेले हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभाक्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. जाहीर झाला तेव्हा देशातला हा सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. साग, तेंदू आणि बांबूचे हे रान. पर्यटकाने जिप्सीत बसून राहायचे, खाली उतरायचे नाही. वाघ दिसतो तो बहुधा रस्त्यावर किंवा पाणवठ्यावर, वीस-तीस मीटरांवर, आणि तोही भल्या सकाळी नाहीतर दिवस कलताना. म्हणजे अंतर बेताचे, पण उजेड कमी.

दुसरी जागा पवनारची धाम नदी. विनोबांच्या आश्रमाखालच्या काळ्या खडकांवर नदीसुरय, खंड्या, वंचक, टिटव्या असतात. इथे आपण पायी असतो. दोन पावले पुढे जाता येते, बसता येते, वाट पाहता येते. उजेड भरपूर असतो, पण पक्षी लहान आणि मध्ये पाणी.

तिसरी जागा हिवाळ्यातले तलाव आणि धरणांचे फुगवटे. थंडीत तिथे पट्टकदंब आणि चक्रवाक येतात. ते शंभर-दोनशे मीटर आत बसलेले असतात आणि माणूस काठावर आला की आणखी आत सरकतात.

चौथी जागा सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: आपली वावरे. तुरीच्या पाटीत उभा रोही, धुऱ्यावरच्या बाभळीवरचा पिंगळा, आणि रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला नीलपंख. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तोच हा पक्षी. वर्धेकरांनी मतदान करून त्यालाच आपला शहरपक्षी म्हणून निवडले. बसलेला असताना तो मातकट वाटतो. उडाला की पंखांतली निळाई अशी उघडते की पाहणाऱ्याने एकदम श्वास घ्यावा. म्हणून या प्रकरणाचे गणित त्याच्यावरच मांडू.

२. अंतराचा हिशेब

जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची, तिथे डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर असतो: उजेड टिपणारी एक चौकोनी चकती. भिंग समोरच्या दृश्याची छोटी प्रतिमा या चकतीवर पाडते. ती प्रतिमा किती मोठी पडणार, हे भिंगाच्या नाभीय अंतरावर ठरते. शाळेत बहिर्वक्र भिंगाने उन्हात कागद जाळताना भिंग आणि कागद यांच्यात जे अंतर ठेवावे लागे, तेच हे नाभीय अंतर. भिंगावर '३०० मिमी', '५०० मिमी' असे लिहिलेले असते ते हेच.

सूत्र सोपे आहे. प्राण्याची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला भिंगाच्या मिमी आकड्याने गुणा आणि अंतराच्या मीटरांनी भागा. उत्तर येते ते सेन्सरवरच्या प्रतिमेची लांबी, मिमीमध्ये.

नीलपंख चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर. तार आपल्यापासून वीस मीटरांवर आहे आणि हातात ३०० मिमी भिंग आहे. ३०० गुणिले ०.३ भागिले २०, उत्तर साडेचार मिमी. मध्यम किमतीच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' मापाचा सेन्सर असतो. तो साडेतेवीस मिमी रुंद. म्हणजे नीलपंखाने चौकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापला. ५०० मिमी भिंग लावले तर साडेसात मिमी, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

आता बोरला जाऊ. शेपूट सोडून वाघाचे अंग पावणेदोन मीटर धरा, अंतर पंचवीस मीटर, भिंग तेच ३०० मिमी. उत्तर येते एकवीस मिमी. साडेतेवीसच्या चौकटीत वाघ जवळजवळ कडेपर्यंत भरला! तो आणखी जवळ आला तर मागे सरकायला जिप्सीत जागाही नसते.

'वाघासाठी मोठी लेन्स पाहिजे' हा समज या गणिताने निकालात निघतो. मोठे भिंग लागते ते तारेवरच्या पक्ष्याला. वाघाला काय लागते ते पुढच्या भागात येईल.

आणि शिंजीर? दहा सेंटिमीटरचा तो जीव वीस मीटरांवरून ३०० मिमी भिंगात दीड मिमीचा ठिपका होतो. पण जास्वंदीच्या झाडापाशी पाच मीटरांवर स्थिर बसलात तर तोच सहा मिमीचा. अंतर निम्मे केले की पक्षी दुप्पट होतो, फुकटात. दुकानात मिळणारे कोणतेही भिंग एवढे स्वस्त नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. जाहिरातीत '२००० मिमी झूम' असे लिहिलेले असते, ते खरे नाभीय अंतर नव्हे. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यात एवढेच दृश्य दिसायला केवढे भिंग लागले असते, तो हा तुलनेचा आकडा. खरा आकडा भिंगाच्या पुढच्या कड्यावर बारीक अक्षरांत असतो. निकॉनच्या पी९५० या कॅमेऱ्याची जाहिरात २००० मिमीची, पण त्याच्या कड्यावर ३५७ मिमी लिहिलेले आहे. त्याचा सेन्सर सहा मिमीच्या आसपास रुंद, करंगळीच्या नखाहून लहान. आपल्या सूत्राने नीलपंखाची प्रतिमा सव्वापाच मिमी येते, म्हणजे जवळजवळ सगळी चौकट भरून. इथे तुमच्या मनात येईल, मग हाच घेऊ! जरा थांबा.

३. पावसात ठेवलेली परात

फोटो म्हणजे गोळा केलेला उजेड. उजेड हा पाऊस आहे असे धरा आणि भिंग ही अंगणात ठेवलेली परात. किती पाणी साचेल? परातीचे तोंड जेवढे रुंद तेवढे जास्त. आणि परात जितका वेळ बाहेर ठेवाल तितके जास्त. बस, छायाचित्रणाचे निम्मे शास्त्र यात आले.

भिंगाच्या तोंडाची ही रुंदी जाहिरातीत कोणी सांगत नाही. पण ती काढता येते. प्रत्येक भिंगावर 'एफ' असा एक आकडा असतो: एफ ४, एफ ५.६, एफ ८. नाभीय अंतराला त्याने भागले की तोंडाची रुंदी मिळते. म्हणून एफचा आकडा लहान असेल तर तोंड मोठे, आणि आकडा मोठा असेल तर तोंड लहान. नवशिक्याचा इथे हमखास उलट समज होतो.

चला, भागाकार करून पाहू. पी९५० पूर्ण झूमवर ३५७ मिमी, एफ ६.५, तोंड ५५ मिमी. साधे ३०० मिमी भिंग एफ ५.६ ला, तोंड ५४ मिमी. निकॉनचे २००-५०० मिमी भिंग, ५०० ला एफ ५.६, तोंड ८९ मिमी. सिग्मा किंवा टॅमरॉनचे १५०-६०० मिमी, ६०० ला एफ ६.३; तोंड ९५ मिमी. कॅननचे हलके १००-४०० मिमी, ४०० ला एफ ८. तोंड ५० मिमी. कॅमेऱ्यासोबत बऱ्याचदा मिळणारे ५५-२५० मिमी. तोंड ४५ मिमी.

हे आकडे दोनदा वाचावेत, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तारेवरच्या नीलपंखाकडून पी९५० जेवढा उजेड गोळा करतो, तेवढाच ३०० मिमीचे भिंग लावलेला मोठा कॅमेरा करतो. मोठ्या सेन्सरचा फोटो मग कापून मोठा करावा लागतो. दूरच्या पक्ष्यापुरते पाहिले तर दोघांत फार अंतर उरत नाही. म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांचे मला पटत नाही. खरा फरक २००-५०० सारखे भिंग पाडते. त्याचे क्षेत्रफळ अडीचपटीहून जास्त, म्हणजे पाणीही अडीचपट.

वाघाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. पंचवीस मीटरांवरचा वाघ चौकटीत बसवायचा तर पी९५० चा झूम मागे घ्यावा लागतो. मग त्याचे खरे नाभीय अंतर ८० मिमीच्या आसपास येते आणि तोंड अवघे पंधरा-सोळा मिमी. त्याच वाघासाठी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा ३०० मिमी वापरतो आणि तोंड ५४ मिमी राहते. उजेड दहापटीहून अधिक! पहाटेच्या बोरमध्ये हा फरक उघड दिसतो. एकाच्या फोटोत वाघाच्या कानावरचे केस मोजता येतात, दुसऱ्याच्या फोटोत सगळे अंग लापशीसारखे मऊ होते.

४. सकाळी सहा-साडेसहाचा बोर

परातीचे तोंड झाले. आता परात किती वेळ बाहेर ठेवायची ते पाहू. यालाच शटरचा वेग म्हणतात, आणि तो सेकंदाच्या भागांत मोजतात. चालता वाघ १/२५० सेकंदात गोठतो, मान वळवत असेल तर १/५०० बरा. उडत्या नीलपंखाला १/२००० लागतो. जास्त वेळ परात ठेवली तर पाणी साचेल खरे, पण तोवर वाघ हललेला असेल.

तिसरा आकडा आयएसओचा. त्याला रेडिओचा आवाज समजा. नागपूर आकाशवाणी स्पष्ट लागत असेल तर आवाज वाढवायची गरज नाही. केंद्र क्षीण लागत असेल तर बटण पिळावे लागते, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो, पण दाणेदार होतो. ती खरखर म्हणजे हे दाणे.

तिन्ही आकडे एकत्र लावू. सूर्य नुकताच वर आला आहे, सागाच्या सावलीत वाघ चालतो आहे. भिंग एफ ५.६, शटर १/५००. अशा उजेडात आयएसओ साधारण ३२०० लागतो. आजच्या एपीएस-सी सेन्सरला हे सहज पेलते. आता समजा तुमचे भिंग एफ ११ चे आहे. कॅननने २०२० साली ६०० आणि ८०० मिमीची अशी दोन भिंगे आणली. लांबीच्या मानाने हलकी आणि स्वस्त. पण एफ ५.६ वरून एफ ११ ला गेलात की उजेड चौथाई होतो आणि आयएसओ १२८०० वर जातो. खरखर गाण्यावर मात करते. त्याच भिंगाने दुपारी तलावावरचा पट्टकदंब छान येतो.

दिवसाची वेळ आधी विचारायची ती यासाठी.

५. भाकरीचे तुकडे

मेगापिक्सलचा प्रश्न लवकर उरकतो. सेन्सर ही भाकरी आणि मेगापिक्सल हे तिचे तुकडे. चार केले काय आणि सोळा केले काय, भाकरी तेवढीच राहते. २० ते २४ मेगापिक्सल निसर्गचित्रणाला पुरतात. भिंतीवर लावण्याएवढा मोठा फोटोही त्यातून निघतो. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद घेत होता. त्या काळात ठिपके मोजण्याला अर्थ होता. आज ती मोजणी दुकानदाराच्या सोयीची उरली आहे.

६. तीन घराणी

मध्यम किमतीत तीन प्रकारचे कॅमेरे मिळतात.

पहिले घराणे ब्रिज कॅमेऱ्यांचे. भिंग कायमचे जोडलेले, झूम अफाट, वजन फार तर किलोभर. निकॉन पी९५० आणि कॅननचा एसएक्स७० हे यातले ओळखीचे. भिंग बदलायचे नसल्यामुळे आत धूळ जात नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा. पक्ष्यांची ओळख पटवणे, नोंदी ठेवणे, तलावाच्या काठावरून शेपटीखालचा रंग पाहणे, यासाठी मला हा कॅमेरा मनापासून आवडतो. याच घराण्यातला महागडा भाऊ म्हणजे सोनीचा आरएक्स१० मालिकेतला चौथा कॅमेरा. त्याचा सेन्सर या दोघांपेक्षा चौपट मोठा आणि भिंग शेवटपर्यंत एफ ४ चे, म्हणून सकाळीही तो निभावून नेतो. ब्रिजची उणीव नेम धरण्याच्या वेगात आहे. नीलपंख तारेवरून उडाला की या घराण्यातले स्वस्त कॅमेरे अर्धा-एक सेकंद चाचपडतात, आणि तोवर तार रिकामी असते.

दुसरे घराणे डीएसएलआरचे. यात आरशावरून उडी मारून दृश्य थेट डोळ्यात येते. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणून अनेकांना वाटते की हे आता घेऊ नये. मला याच्या अगदी उलट वाटते. लोक नव्याकडे वळतात तेव्हा जुने उत्तम सामान स्वस्त होते. निकॉन डी७५०० (२०१७) सेकंदाला आठ फोटो घेतो, त्याची बॅटरी एका चार्जिंगवर अख्खा दिवस चालते, आणि त्याला लागणारी चांगली भिंगे बाजारात भरपूर आहेत. डी५०० (२०१६) आणि कॅननचा ९०डी (२०१९) हेही याच तोलामोलाचे.

तिसरे घराणे मिररलेसचे. आरसा नाही, डोळ्याच्या खिडकीत छोटा पडदा. कॅनन आर१० आणि आर७ (दोन्ही २०२२), निकॉन झेड५० चा दुसरा अवतार (२०२४), सोनी ए६४०० आणि ए६७००. हे कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः ओळखतात आणि तो हलला तरी त्याचा माग सोडत नाहीत. पळसाच्या फांद्यांमागचा हळद्या टिपताना हे जादूसारखे वाटते. पूर्वी जे कौशल्य यायला दोन-तीन वर्षे लागायची, ते हा कॅमेरा पहिल्या दिवशी हातात देतो. उणिवा दोन. बॅटरी लवकर संपते, म्हणून दुसरी जवळ हवीच. आणि भिंगे अजून महाग आहेत.

कोणत्याही घराण्यातला घ्या, डोळा लावून पाहायची खिडकी असल्याशिवाय घेऊ नका. वर्ध्याच्या उन्हात मागच्या पडद्यावर काहीही दिसत नाही. फक्त मागे पडदा असलेले देखणे छोटे कॅमेरे लग्नकार्यात ठीक, एप्रिलच्या वावरात कुचकामी.

७. पैसे कशात घालावेत

लाखभर रुपये असतील तर चाळीस हजार कॅमेऱ्यात आणि साठ हजार भिंगात घालावेत. बहुतेक जण नेमके उलट करतात. नवा कोरा कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेले १८-५५ मिमीचे भिंग, आणि 'मोठी लेन्स पुढच्या वर्षी'. ते पुढचे वर्ष येतच नाही आणि कॅमेरा कपाटात जातो. कॅमेऱ्याचे अंग पाच-सात वर्षांत जुने होते, चांगले भिंग वीस वर्षे टिकते.

वापरलेले सामान घ्यायला हरकत नाही, पण पारखून घ्यावे. नागपुरात सीताबर्डीला गेलात किंवा ओळखीच्याकडून घेतलेत, तरी चार गोष्टी कराच. भिंगाच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून आत पाहा. कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, ते भिंग नको. झूमचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे अडकते का, करकर वाजते का ते ऐका. भिंग एफ १६ वर ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो काढा; सेन्सरवरचे डाग उमटतील. आणि शटर आजवर किती वेळा पडले आहे तो आकडा मागा. दुचाकीचे किलोमीटर विचारतो तसाच हा प्रश्न आहे, विचारायला संकोच नको.

तिपाईवर पैसे घालू नका. जिप्सीत ती उभी राहत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून एक तोंड शिवा, आत तांदूळ किंवा सरकी भरा आणि मग दुसरे तोंड शिवा. जिप्सीच्या दांड्यावर ही पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवले की दोन किलोचे ओझेही हलत नाही. चालकदादांना इंजिन बंद करायला सांगायचे, तेवढे मात्र लक्षात ठेवा. इंजिनाची थरथर कोणत्याही पिशवीने थांबत नाही.

८. धूळ, ऊन आणि पावसाळा

बोरच्या रस्त्यावर पुढची जिप्सी गेली की मागच्याच्या डोक्यावर पिठासारखी धूळ बसते. तिथे भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर माती टाकणे. म्हणून दोन भिंगांऐवजी एकच झूम भिंग लावून जावे. कॅमेऱ्यावर सुती पंचा टाकावा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीत कॅमेरा ठेवू नये.

पण धुळीपेक्षा आणि उन्हापेक्षा घातक असतो पावसाळा. माझे पहिले चांगले भिंग मी जुलै ते सप्टेंबर चामडी बॅगेत बंद करून ठेवले होते. दसऱ्याला बॅग उघडली तेव्हा आत बुरशीची नक्षी होती. दुरुस्तीनंतरही ते पहिल्यासारखे झाले नाही. तेव्हापासून हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर आठवड्याला एकदा भिंग बाहेर काढून वापरायचे, हा नियम पाळतो. बोर पावसाळ्यात पर्यटकांना बंद असले तरी कॅमेऱ्याला सुट्टी नसावी. झुडपांच्या रानात नवरंग याच दिवसांत शीळ घालतो आणि परसात फुलपाखरे येतात. त्यांच्यासाठी भिंग किती जवळचे टिपू शकते ते पाहावे. कॅननचे १००-४०० मीटरभर अंतरावरूनही नीट टिपते. निकॉनच्या २००-५०० ला दोन मीटरांहून जास्त अंतर लागते.

९. माझा कौल

फेरीसाठी मुख्यतः जिप्सीत बसणार असाल आणि दोन किलोंहून जड भिंग उचलायची तयारी असेल, तर वापरलेला डी७५०० आणि वापरलेले २००-५०० मिमी घ्या. एवढ्या पैशांत एवढ्या रुंद तोंडाची परात दुसरीकडे मिळत नाही. झूम २०० ला आणला की वाघ चौकटीत बसतो, ५०० ला नेला की नीलपंख.

धामच्या काठाने आणि धुऱ्याधुऱ्याने पायी हिंडणार असाल, तर आर१० सारखा मिररलेस आणि १००-४०० मिमी घ्या. हे भिंग साडेसहाशे ग्रॅमहून कमी आहे. दोन तास हातात राहिले तरी खांदा भरून येत नाही. तोंड लहान म्हणून पहाटे थोडी खरखर येईल, ती सोसावी.

पैसे पन्नास-साठ हजारांतच बसवायचे असतील, वय झाले असेल किंवा हेतू पक्ष्यांच्या नोंदींचा असेल, तर ब्रिज कॅमेरा घ्या आणि त्याबद्दल मनात कमीपणा ठेवू नका.

भिंग लांब हवे, याला फोटोइतकेच दुसरे कारण आहे. तोकडे भिंग हातात असले की 'दादा, गाडी जरा पुढे घ्या' असे तोंडून निघतेच. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडलामध्ये एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत कॅमेरे होतेच. घरट्याजवळ जाणे, पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवणे, रात्री पिंगळ्याच्या डोळ्यांवर झोत मारणे, यातून मिळालेला फोटो मी तरी कुणाला दाखवणार नाही. तुम्हीही काढू नका.

दुकानात जाण्यापूर्वी एवढे करा. येत्या रविवारी सकाळी कॅमेरा न घेता पवनारला किंवा आपल्याच गावाच्या शिवारात जा. खंड्या, वंचक, नीलपंख, जो दिसेल तो कोणत्या अंतरावर उडतो ते पावलांनी मोजा. आपले एक पाऊल साधारण पाऊण मीटर. दोन-तीन रविवारांत तुमच्या वहीत तुमचे आकडे जमतील. दुसऱ्या भागातले सूत्र त्यांना लावा, ती वही खिशात ठेवा, आणि मगच सीताबर्डीची गाडी पकडा.